एका बॅटरीतून धन-ऋण पुरवठा

प्रश्न : मायक्रोफोनसाठी ऑप-अँपचा (ऑपरेशनल अँप्लिफायर, म्हणजे संकेत मोठा करणारी आयसी) लहान अँप्लिफायर जोडत आहे. आकृतीत धन आणि ऋण असे दोन्ही पुरवठे दाखवले आहेत. माझ्याकडे मात्र ९ व्होल्टची एकच बॅटरी आहे. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडून मधला बिंदू ग्राउंड मानला. मीटरवर ४.५ व्होल्ट बरोबर येतात, परंतु इअरफोन जोडताच मधला बिंदू हलतो आणि आवाज फाटतो. असे का होते?

उत्तर : मधला बिंदू आपण योग्य जागी काढला आहे, पण प्रवाह पेलण्याची क्षमता त्याच्या अंगी नाही. ऑप-अँपला स्वतःची ग्राउंडची पिन नसते. त्याला पुरवठ्याच्या दोन पिनांमधील फरक तेवढा जाणवतो, म्हणून अधिक-उणे ४.५ आणि सलग ९ व्होल्ट ही त्याच्या लेखी एकच गोष्ट आहे. अडचण भाराच्या, म्हणजे इअरफोनच्या, परतीच्या प्रवाहाची आहे. बाहेरून पाहता आपले दोन रेझिस्टर समांतर, म्हणजे ५ किलोओहम ठरतात. त्यातून केवळ ०.२ मिलिअँपिअर प्रवाह गेला तरी बिंदू १ व्होल्टने सरकतो आणि इअरफोनला याहून कितीतरी अधिक प्रवाह लागतो. रेझिस्टर १०० ओहमचे घेतले, तर काही न करताही ४५ मिलिअँपिअर वाया जातील.

यावर उपाय असा की, एकाच आयसीत दोन ऑप-अँप असलेला, उदाहरणार्थ एलएम३५८, घ्यावा, त्यातील दुसऱ्याचे आउटपुट त्याच्याच ऋण इनपुटला जोडावे, धन इनपुट आपल्या मधल्या बिंदूला द्यावे आणि त्या आउटपुटलाच ग्राउंड मानावे. स्थिरतेसाठीचा १०० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर रेझिस्टरांच्या बिंदूपासून बॅटरीच्या ऋण टोकाला लावावा. थेट या आउटपुटवर लावल्यास ऑप-अँप स्वतःच दोलायमान होण्याचा धोका असतो.

तरीही इअरफोनचा भार या ग्राउंडवर टाकूच नये, असे माझे मत आहे. अँप्लिफायरच्या आउटपुटला २२० मायक्रोफॅराडचा कपॅसिटर जोडून ३२ ओहमचा इअरफोन त्यातून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला न्यावा. २३ हर्ट्झच्या वरचे जवळजवळ सर्व काही ऐकू येईल. साध्या ऑप-अँपकडून मोठ्या आवाजाची अपेक्षा मात्र ठेवू नये.

धन व्होल्टेजपासून ऋण व्होल्टेज तयार करणारी आयसीएल७६६० ही आयसी वापरून उणे ९ व्होल्टही निर्माण करता येतात, पण १० मिलिअँपिअरला ते अर्ध्या व्होल्टहून अधिक खचतात. जागा असेल तर दोन बॅटऱ्या सर्वांत सोप्या. फक्त दोन्हींची जोडणी एकदम तुटेल असा दुहेरी स्विच लावावा.