गोष्ट संपली की प्रश्न विचारू नका : लहान मुलांची पुस्तकं, पालकांची पत्रं

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की लहान मुलांच्या पुस्तकांबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर इतकी पत्रं आणि मेल आलेत की सगळ्यांना जागा देणं शक्य नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं दिलेली नाहीत, फक्त कुठून आलंय ते दिलंय. मी काही तज्ज्ञ वगैरे नाही. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवते आणि दोन मुलं वाढवलीत, त्यातून जे हाताला लागलं तेच सांगतेय.

मुलगी १४ महिन्यांची आहे. पुस्तक दिलं की तोंडात घालते नाहीतर टराटरा फाडते. सासूबाई म्हणतात एवढ्यात पुस्तकं कशाला, तिला काय कळतंय. थांबावं का? – एक आई, वारजे

अजिबात थांबू नका. या वयात मूल सगळं जग तोंडात घालूनच ओळखतं, खुळखुळा, चमचा, आजोबांचा चष्मा, तसंच पुस्तक. फक्त पातळ कागदाचं देऊ नका, जाड पुठ्ठ्याचं, गोल कोपऱ्यांचं बोर्ड बुक द्या, एका पानावर एकच मोठं चित्र असलेलं. मांजर, बादली, केळं, बास. फाटलं तर तिच्यासमोर बसून चिकटपट्टी लावा, तेही तिला आवडतं.

आणि कळण्याचं म्हणाल तर नुकत्या जन्मलेल्या बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचंच बरं दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर आपला चेहरा जेवढा लांब असतो तेवढंच. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच सांगितलंय की मुलांना वाचून दाखवणं अगदी तान्हेपणापासून सुरू करा. अक्षरांसाठी नाही, आवाजासाठी. त्यामुळे सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनाच यात घ्या. त्यांना ‘अडगुलं मडगुलं’ आणि ‘इथे इथे बस रे मोरा’ नक्की येत असेल, पुस्तकात मोर दिसला की त्यांना म्हणायला सांगा. छापलेलं चित्र आणि आजीचा आवाज एकत्र आला ना, की ते पान मुलीच्या लक्षात राहतं.

मुलगा चार वर्षांचा, इंग्लिश मीडियमला ज्युनिअर केजीत. मराठी पुस्तक काढलं की ‘हे नको’ म्हणतो. माझं स्वतःचं शिक्षण इंग्लिशमध्ये झाल्यामुळे मी मराठी अडखळत वाचतो. कुठली पुस्तकं आणू? – एक बाबा, वाकड

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं कारण अगदी हाच प्रश्न मला रविवारी दर दोन आठवड्यांनी कुणीतरी बाबा बाजूला घेऊन विचारतो, आणि विचारताना प्रत्येकाचा चेहरा थोडा पडलेला असतो. आधी एक सांगते, तुम्ही अडखळता यानं त्याचं काहीही बिघडत नाही. त्याला अस्खलित वाचणारा माणूस नकोय, त्याला बाबा हवाय.

मुलं ‘हे नको’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा ती मराठीला नको म्हणत नसतात, पुस्तकातल्या मराठीला म्हणतात. घरात आपण ‘चल, शूज घाल’ बोलतो आणि पुस्तकात ‘त्याने पादत्राणे परिधान केली’ असं असतं, मग त्याला ती कुठलीतरी तिसरीच भाषा वाटते. म्हणून दुकानात पुस्तक घेताना अधलंमधलं एक पान मनात नाही, मोठ्यानं वाचून बघा. तोंडात बसलं तर घ्या.

सुरुवात माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांनी करा असं मी डोळे मिटून सांगते. गोष्ट त्यांची आणि चित्रंही त्यांचीच, ज्योत्स्ना प्रकाशनची पुस्तकं आहेत, त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कारही मिळालाय पण मी त्यासाठी नाही सांगत. ‘राधाचं घर’ हा छोट्या पुस्तकांचा संच बघा, त्यात राजा राणी जादू काही नाही, घरातलीच माणसं आहेत आणि भाषा आपण बोलतो तशी. मुलं बोट ठेवून ‘हे आपल्या आजीसारखं’ म्हणतात. आणि तुमच्यासाठी खास म्हणजे ‘चित्रवाचन’, यात वाचायचं नसतं, चित्रं बघून बोलायचं असतं. अडखळायचा प्रश्नच नाही! ती म्हैस कुठे चालली असेल, ही बाई कुणाला हाक मारतेय, असं तुम्ही दोघं मिळून रचा, त्यात तुमचंही मराठी मोकळं होईल.

दुसरं म्हणजे प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट, २०१५ पासून आहे आणि फुकट आहे. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, चार पातळ्यांमध्ये लावलेल्या. चार वर्षांच्या मुलाला पहिली पातळी, पानावर एखाददुसरं वाक्य. पण मोबाईल त्याच्या हातात देऊन नका दाखवू, आपल्या इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन सांगितलीय आणि तो तास तसाही कुठे जातो ते आपल्याला माहितीये. गोष्ट डाउनलोड करून ऑफिसजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत प्रिंट काढा, स्टेपल मारा. आमच्याकडे असं एक ‘घरचं’ पुस्तक सगळ्यात जास्त मळलंय.

एखाद्या शनिवारी त्याला घेऊन पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकात, पुस्तकांच्या दुकानांत जा. गर्दी असते, पार्किंगचे हाल असतात, तरी जा. पुस्तक त्याला स्वतः उचलू द्या. तुम्हाला ते फालतू वाटलं तरी त्या दिवशी तेच घ्यायचं, आणि त्याच्या सोबत तुमच्या आवडीचं एक.

तीन वर्षांच्या मुलीला दोन महिने रोज रात्री तेच एक पुस्तक लागतंय, एक शब्द गाळला तरी पकडते. आम्ही दोघंही कंटाळलोय. पुस्तक लपवावं का? – कर्वेनगर

लपवू नका. तीच गोष्ट परत परत ऐकूनच नवे शब्द पक्के होतात, आणि पुढे काय येणार हे आधीच माहीत असण्यात तिला जी सुरक्षितता वाटते ती दिवसभरात दुसरीकडे कुठे मिळत नाही. आलटून पालटून वाचा. एक दिवस तिला वाचायला सांगा, ती पानं उलटत सगळं पाठ म्हणून दाखवेल, तेव्हा तुमचा कंटाळा जाईल बघा.

नातू पाच वर्षांचा. त्याच्यावर चांगले संस्कार व्हावेत म्हणून मी ‘श्यामची आई’ रोज थोडं वाचते आणि शेवटी यातून काय शिकलास ते विचारते. आता तो गोष्टीची वेळ झाली की पळून जातो. – एक आजी, सदाशिव पेठ

आजी, तुमची तळमळ समजते आणि तुम्ही निवडलेलं पुस्तक माझंही लाडकं आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

मीही हे केलंय. माझा मोठा मुलगा साडेचार वर्षांचा असताना प्रत्येक गोष्टीनंतर मी ‘मग यातून काय कळलं?’ विचारायचे. एक दिवस तो म्हणाला, आई तू विचारणार असशील तर गोष्ट नको. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी गोष्टीची परीक्षा करून ठेवली होती आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानंतर ठरवलं, पुस्तक मिटलं की आपण गप्प बसायचं. तो बोलला तर बोलायचं. पहिले काही दिवस तो काहीच बोलला नाही, मग एकदा दुसऱ्या दिवशी दात घासताना अचानक म्हणाला की त्या कोल्ह्याला कुणीच का नाही जेवायला बोलावलं? हा प्रश्न मला सात जन्मात सुचला नसता.

आता ‘श्यामची आई’चं. साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत चार-पाच दिवसांत लिहून काढलं. त्यात श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो, म्हणूनच त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. म्हणजे मुळात ती सांगायचीच गोष्ट आहे! मग तुम्हीही पाच वर्षांच्या मुलाला ते वाचू नका, सांगा. सगळं नको, त्यात दुःख आहे, कर्ज आहे, मरण आहे, ते नऊ-दहा वर्षांचा झाल्यावर त्याला झेपेल. आत्ता फक्त ती आंघोळीची आठवण सांगा, ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई आपलं लुगडं पसरते आणि श्याम त्यावर पाय ठेवतो ती. त्याला आंघोळ घालून टॉवेलात गुंडाळल्यावरच सांगा. आणि पुढे आई ‘पायांसारखंच मनालाही जप’ असं जे सांगते ते सांगायचा मोह झाला तरी त्या दिवशी नको.

बाकी त्याला सध्या गंमत हवीये. विंदा करंदीकरांच्या ‘एटू लोकांचा देश’मधल्या कविता तालात म्हणा, सगळं उलटंसुलटं आहे, तो हसून लोळेल आणि परत तुमच्या मांडीवर येईल. आधी तो मांडीवर येणं महत्त्वाचं आहे ना.

आम्ही दोघंही आयटीत आहोत, मुलगी अडीच वर्षांची. पालक म्हणून आम्ही स्वतः काय वाचावं? टिप्सची पुस्तकं खूप आणली, अपराधी वाटण्यापलीकडे काही झालं नाही. – हिंजवडी

टिप्सची बाजूला ठेवा. तीन पुस्तकं सांगते.

पहिलं ‘तोत्तोचान’. जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांच्या लहानपणीच्या शाळेची हकिगत, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलंय, नॅशनल बुक ट्रस्टचं आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी, तिला नवीन शाळेत नेतात, तिथे आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. पण मी डब्यांसाठी नाही सांगत. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक कोबायाशी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसतात आणि म्हणतात बोल तुला काय बोलायचं ते, आणि चार तास ऐकतात. चार तास! मी ते पान वाचलं त्या दिवशी माझ्या मुलीला मी संध्याकाळपासून चार वेळा ‘थांब जरा’ म्हटलं होतं. तुम्ही हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून दोन तासांनी घरी पोचता, चार तास कुठून आणणार, पण दहा मिनिटं मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून नुसतं ऐकणं जमतं, मी बघितलंय जमताना.

दुसरं गिजुभाई बधेकांचं ‘दिवास्वप्न’. मूळ गुजराती, पण मराठीत मिळतं. त्यातला मास्तर चौथीचा वर्ग हातात घेतो, पहिल्या दिवशी शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि तो साफ फसतो, मुलं आरडाओरडा करतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला लागतो आणि तीच मुलं जागची हलत नाहीत. फसलेला दिवस त्यांनी लपवला नाही म्हणून मला हे पुस्तक खरं वाटतं, आणि अपराधी वाटणाऱ्या आईबाबांना त्यानं धीर येतो.

तिसरं आपल्या पुण्यातलंच, गरवारे बालभवन ज्यांनी वर्षानुवर्षं चालवलं त्या शोभा भागवत यांचं ‘आपली मुलं’. आणि जमलं तर ‘पालकनीती’ हे मासिक, १९८७ पासून पुण्यातून निघतंय.

एवढी पुस्तकं विकत घेणं परवडत नाही. – धायरी

घेऊच नका. १८४८ मध्ये सुरू झालेलं पुणे नगर वाचन मंदिर लक्ष्मी रोडला आहे, घराजवळही एखादी लायब्ररी असेल, तिथे बालविभाग आहे का विचारा. नाहीतर तुमच्या इमारतीतली चार घरं मिळून प्रत्येकी पाच पुस्तकं घ्या आणि दर महिन्याला पिशवी पुढच्या घरी द्या. आमच्याकडे अशीच एक कापडी पिशवी फिरते.

मुलगी साडेसहा वर्षांची, आता स्वतः वाचू शकते. तरी रात्री ‘तूच वाच’ म्हणते. सवय मोडावी का, आळशी होईल असं नवरा म्हणतो. – सिंहगड रोड

कृपा करून मोडू नका. स्वतः वाचताना ती अजून अक्षरं जुळवत असते, त्यात दमते, गोष्टीपर्यंत पोचेपर्यंत मजा संपते. पण कानानं ती याहून खूप मोठी गोष्ट पेलू शकते. म्हणून दोन वेगळी पुस्तकं ठेवा. एक तिचं, सोपं, मोठ्या अक्षरांचं, ते तिनं दुपारी वाचावं किंवा न वाचावं. दुसरं तुमचं, रोज एक प्रकरण. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तिला आत्तापासून चालेल, तो फुरसुंगीचा, सायकलवरून पुण्यात फिरतो, तुम्ही रोज जाता त्याच रस्त्यांवर. आणि बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासूनचं आहे, त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात, तुमच्या लहानपणीचा अंक शोधून त्यातलीच गोष्ट वाचा तिला.

आणि आज नवऱ्यालाच वाचायला सांगा. प्रकरण अर्ध्यावर थांबवायचं, अगदी फेणे संकटात सापडलेला असताना, आणि पुस्तक तिच्या उशाशी उघडं ठेवून दिवा चालू ठेवून बाहेर यायचं.