थंडीत केळीची वाढ थांबली, युरिया टाकू का?

रावेर तालुक्यातील एका शेतकरी बांधवांचा प्रश्न: ऑक्टोबरअखेर ग्रँड नैन या केळीच्या वाणाची टिश्यूकल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपं लावली. महिनाभर चांगली चालली. आता पंधरा दिवस झाले, नवं पान नाही, खालची पिवळी पडताहेत. युरियाचा डोस वाढवू का?

नका वाढवू, भाऊ. रोप उपाशी नाही, गारठलंय. पारा १६ अंशांखाली गेला की केळीचं पान निघणं मंदावतं, १० च्या खाली वाढ जवळपास थांबते. गारठलेली मुळं खत उचलत नाहीत. युरिया पाण्याबरोबर खाली जाईल आणि पैसेही. त्याऐवजी झाडामागे २०० ते २५० ग्रॅम निंबोळी पेंड मातीत मिसळा.

ठिबक दिवसा न चालवता रात्री उशिरा किंवा पहाटे चालवा. विहिरीचं, बोअरचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. शेततळ्याचं मात्र गारच, त्याचा हा उपयोग नाही. वाफसा, म्हणजे मातीतला ओल आणि हवेचा मेळ, मोडेल इतकं सोडू नका. थंडीत केळीला पाणी कमीच लागतं.

कांदेबागेत, म्हणजे तुमच्यासारख्या ऑक्टोबरच्या सुमाराच्या लागवडीत, शेवरी किंवा गजराज गवताचं कुंपण लागवडीआधीच हवं. तुमच्याकडे ते नाही, तर उत्तरेच्या बांधावर शेडनेट बांधा. जुन्या साड्याही चालतात, दिसायला कशाही दिसोत. रोपं लहान आहेत तोवर त्यांच्याभोवती स्कर्टिंग बॅग, म्हणजे पातळ कापडी पिशवी, घाला. ऊब राहते आणि मावा ही रस शोषणारी कीडही दूर राहते. पहाटे ओला काडीकचरा पेटवून धूर करतात, पण वारा वाहत असेल तर ती मेहनत वाया.

एक गोष्ट उद्याच तपासा. पानांवर शिरांना समांतर पिवळे पट्टे असतील तर ती थंडी नव्हे, हरण्या रोग. तो मावा पसरवतो. अशी रोपं मुळासकट काढून लांब पुरा. उपचार नाही.

याच बांधवांनी पुढे विचारलंय: मुलगा इंग्लंडमध्ये आहे, तिथे अंगणातली केळी बर्फातही जगते, ते वाण इथे आणता येईल का? ती मुसा बासजू, मूळची दक्षिण चीनची. हिवाळ्याआधी तिची पानं कापून खोडाभोवती पेंढा गुंडाळतात. कधी खोड मरतं, पण कंद झाकलेला असेल तर वसंतात फुटतो. ती लावतात शोभेसाठी. फळ बियांनी भरलेलं, खाण्याजोगं नसतं. आपला ग्रँड नैन त्या थंडीत कंदासकट जाईल, आणि बासजूचा घड रावेरच्या बाजारात कोणी घेणार नाही.