‘आमचा ओ गट आहे, मॅडम’

गेल्या दोनेक वर्षांत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की समोरचा माणूस खिशातून मोबाइल काढायला लागला की मला कळतं, आता तो व्हिडिओ येणार. ओ रक्तगटाच्या लोकांनो सावधान, तुमच्या पोटात जंतू लवकर घर करतात, वगैरे. मी समुपदेशक, आठवड्यातले चार दिवस अंबाजोगाईत आणि दोन दिवस लातूरला बसते. लातूरला नीटची तयारी करणारी पोरं मेसचं खाऊन पोट बिघडलं की रक्तगटाची चिठ्ठी घेऊन येतात. परळीकडची एक आई तर लेकीचं जमलेलं स्थळ मोडायला निघाली होती, कारण मुलगा ओ गटाचा आणि त्याच्या वडलांना अल्सर. पूर्वी लोक विचारायचे, नवराबायकोचा गट एकच असला तर चालतो का. (चालतो. बायको निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर मात्र गरोदरपणात डॉक्टरांना आधी सांगायचं, एवढंच.) आता पोटाचं विचारतात.

त्या सगळ्यांना उत्तर म्हणून एका गुरुजींची गोष्ट सांगते. त्यांची आणि त्यांच्या आईची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नऊ बैठका झाल्या, त्यातलं थोडंच इथे येईल.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. वय अडतीस. पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढून हजेरीपटासारखे ओळीनं मांडले. दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट, त्यात जठराच्या तोंडाशी अल्सर आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू सापडल्याची नोंद. त्याखाली घरातल्या तिघांचे रक्तगट.

“मी ओ. पोरगी ओ. बायको बी. आमचे वडील ह्याच दुखण्यानं गेले, 1999 साली, रक्ताच्या उलट्या होऊन. म्हणजे तेही ओच असणार.”

मी वहीत ‘असणार’ लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. पुढे ती रेघच उपयोगी पडली, पण ते मला तेव्हा कुठे माहीत होतं.

घरात काय चाललं होतं ते बायकोनं सांगितलं. सहा वर्षांच्या पोरीचं ताट वेगळं, पेला वेगळा, पेल्याच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका. काळं तिखट बंद. आजीनं घास भरवायचा नाही. आजी दिवसभर ओट्यावर बसून राहते, कुणाशी बोलत नाही. आणि खुद्द गुरुजींनी चौदा दिवसांच्या गोळ्या सहाव्या दिवशी सोडलेल्या.

“तोंडात तांब्याचा पैसा धरल्यासारखी चव येत होती,” ते म्हणाले. “आणि मॅडम, रक्तातच असल्यावर गोळ्या काय करणार?”

आता माझी चूक सांगते. मी त्यांना समजावत बसले. दोन बैठका. शिक्षक माणूस, पुरावा दिला की ऐकेल असं वाटलं. ते पुढच्या वेळी माझ्यापेक्षा जास्त पुरावे घेऊन आले आणि म्हणाले, “1954 पासून माहीत आहे, ओ गटाला अल्सर जास्त होतो. खोटंय का?”

खोटं नव्हतंच. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी 1953 साली पाहिलं की जठराच्या कर्करोगाच्या रुग्णांत ए गटाचं प्रमाण थोडं जास्त असतं, आणि पुढच्याच वर्षी दिसलं की अल्सरच्या रुग्णांत ओ गटाचं. तेव्हा जंतूचं नाव कुणी घेत नव्हतं. अल्सर म्हणजे काळजी, जागरण, तिखट, अशीच समजूत. रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियातल्या दोन डॉक्टरांनी 1982 साली हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि कुणी विश्वास ठेवेना म्हणून 1984 मध्ये मार्शलनं स्वतः तो पिऊन पोट बिघडवून घेतलं. 2005 साली दोघांना नोबेल मिळालं. जंतू आणि रक्तगट यांची सांगड 1993 मध्ये लागली. रक्तगट म्हणजे शेवटी पेशींवरच्या साखरेच्या साखळीचं टोक. ते टोक जठराच्या अस्तरावरही असतं. ओ गटात ते उघडं, ए आणि बी गटांत त्यावर आणखी एक साखर बसलेली. काही जंतूंना उघडं टोक पकडायला सोपं जातं.

पण व्हिडिओत पुढचं सांगत नाहीत. 2004 सालच्या अभ्यासात दिसलं की जगभरातल्या बहुतेक जंतूंना ए गटाचं झाकलेलं टोकही पकडता येतं. दक्षिण अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांत, जिथे जवळजवळ सगळी माणसं ओ गटाची आहेत, तिथे मात्र फक्त ओचं टोक धरण्यात पटाईत झालेले जंतू भरपूर सापडले. म्हणजे माणसाचं रक्त जंतूला निवडतं त्यापेक्षा जंतूच आपल्या यजमानाप्रमाणे बदलत जातो. आणि आपल्याकडे ओ आणि बी हेच दोन मोठे गट. निम्म्याहून जास्त प्रौढांच्या पोटात हा जंतू असतो, गट कोणताही असो. त्यातल्या शंभरातल्या दहा-वीसजणांनाच आयुष्यात कधी अल्सर होतो. बाकीच्यांना पत्ताही नसतो.

मी गुरुजींच्या हातात खडू दिला (माझ्या खोलीत छोटा फळा आहे, त्याला लोक हसतात). म्हटलं, ओ गटाला धोका साधारण तिसऱ्या हिश्श्यानं जास्त. समजा इतर गटांत शंभरात बाराजणांना अल्सर होतो, तर ओ गटात?

“सोळा.”

“आणि उरलेले चौऱ्याऐंशी कोणत्या गटाचे?”

“तेही ओच.” खडू खाली ठेवून म्हणाले, “गणित बरोबर आहे, मॅडम. पण आमचं घर त्या सोळांतलं आहे.”

त्या रात्री मी चांगलीच खट्टू झाले. सतरा वर्षं या खुर्चीत बसतेय, गणितानं भीती जात नाही हे मला नव्यानं शिकायची गरज नव्हती. मी पहिल्यापासून घर बघून काम करणारी. माणसाच्या डोक्यात कोणती समजूत आहे यापेक्षा ती समजूत घरात कुणाच्या उपयोगाची आहे, हे मी आधी शोधते. इथे तेच विसरले होते. वही उघडली तर ‘असणार’ खालची रेघ दिसली.

पुढच्या वेळी एकच विचारलं. “वडील ओ गटाचे होते हे कुणी सांगितलं?”

ते थबकले. “गटाचं असं नाही कुणी सांगितलं. माय पहिल्यापासून म्हणते, आपल्या रक्तातच हाय ते.”

“मावशींना, म्हणजे तुमच्या आईला, घेऊन या.”

मावशी आल्या त्या जांभळ्या काठाच्या लुगड्यात, पदर घट्ट लपेटून. सोबत कापडी पिशवी. मी नवऱ्याबद्दल विचारलं तर आधी आजार आलाच नाही, ऊसतोड आली. धारूरच्या डोंगरातलं गाव, दिवाळी झाली की कोयता घेऊन पश्चिमेकडे. नवरा तोडायचा, ह्या मोळी बांधायच्या, दोघं मिळून एक कोयता. रात्री तीनला उठायचं, कोपीत चूल पेटायच्या आधी फडात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. त्याच्या कमरेचं दुखणं तिथलंच.

“मग काय करायचे?”

“गोळी घ्यायचे की.” त्या पिशवीचे बंद गुंडाळायला लागल्या. “कारखान्यापाशी दुकान होतं. पुडीत चार-चार मिळायच्या. मीच आणायचे. सकाळी उपाशीपोटी काळा चहा आन गोळी. खाडा पडला की मुकादम उचलीतून कापायचा.”

“किती वर्षं?”

“लई वर्षं, बाई.”

बराच वेळ कुणी बोललं नाही. खाली मेडिकलवाल्याचं शटर वाजलं. गुरुजी आईकडे असं बघत होते जणू ही बाई त्यांनी प्रथमच पाहिली. मला बोलायचं होतं, पण मी बोलले नाही. त्या दिवशीचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मी आजही मानते.

मग मावशींनीच सांगितलं. तेराव्याला भावकीनं विचारलं होतं, काय खाऊ घालत होतीस गं त्याला? त्यांची जीभ टाळूला चिकटली. तेव्हा एक म्हातारा मध्ये पडला, म्हणाला, तिला कामून बोलायलात, त्याच्या रक्तातच असंल. “तेच धरून राहिले मी. रक्ताला कोण काय बोलणार?”

मी एका अंधश्रद्धेशी भांडत होते, आणि ती त्या बाईच्या अंगावरचं पांघरूण होती. ते ओढून घेतलं असतं तर आत सव्वीस वर्षांपूर्वीची पुडी उघडी पडली असती. व्हिडिओनं फक्त त्या पांघरुणावर इंग्रजी ‘ओ’ छापला होता.

पिशवीत पासबुकाच्या मधे घडी घातलेला तालुक्याच्या दवाखान्यातला कागद होता. शाई फिकी झालेली. गुरुजींनी खिडकीशी नेऊन वाचला. रक्ताच्या दोन बाटल्या, बी पॉझिटिव्ह.

“बी,” ते म्हणाले. पुन्हा वाचून पुन्हा म्हणाले, “बी.”

मी त्यांना तिथेच अडवलं. एका कागदानं शास्त्र खोटं ठरत नाही, आणि वडलांना नेमकं काय झालं हे आज कुणीच सांगू शकणार नाही, कारण दुर्बीण झालीच नव्हती. वेदनेच्या गोळ्यांनी जठराचं अस्तर सोलवटतं, जंतूनंही सोलवटतं, दोन्ही एकत्र असले तर धोका आणखी वाढतो. मावशींकडे वळून म्हटलं, त्या काळात फडातल्या किती बायका अशी गोळी द्यायच्या? त्या म्हणाल्या, “समद्याच.” मग मी विचारलं, गोळी कुणामुळे लागायची? यावर त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. “खाड्यामुळं,” म्हणाल्या. रडणं त्यानंतर आलं, आणि गुरुजींनी आईच्या हातातली पिशवी काढून घेतली, कारण बंद तुटायच्या बेतात आले होते.

पुढचं काम सोपं होतं, म्हणून भरभर सांगते. गुरुजी परत पोटाच्या डॉक्टरांकडे गेले. अर्धवट सोडलेल्या औषधांना जंतू सरावतो, म्हणून त्यांना दुसरी औषधं मिळाली, आणि त्यांनी चौदाच्या चौदा दिवस घेतली.

तुम्हीही हाच कागद घेऊन बसला असाल तर ऐका. रक्तगट माहीत असावा तो रक्त द्यायला-घ्यायला आणि बाळंतपणात. ओ आहे म्हणून जंतू आहे असं होत नाही, आणि ए आहे म्हणून सुटलो असंही नाही. जंतू बहुतेकांच्या पोटात लहानपणीच शिरतो, घरातल्याच माणसांकडून, हातातून, तोंडातून, खराब पाण्यातून. उन्हाळ्यात आपल्याकडे टँकरचं पाणी हौदात पडतं आणि हौदात कुणाचाही तांब्या बुडतो. ते पाणी उकळून घ्या, संडासहून आल्यावर आणि स्वयंपाकाआधी हात साबणानं धुवा, तान्ह्या लेकराला स्वतः चावून मऊ केलेला घास देऊ नका. आजीच्या धुतलेल्या हातचा घास वेगळा, तो खुशाल द्या. धडधाकट खेळणाऱ्या पोरांची तपासणी करत फिरू नका. तिखटानं अल्सर होत नाही, असलेला झोंबतो. गोळ्या संपल्यावर जंतू गेला की नाही हे श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीनं बघतात, अँटिबायोटिक संपून किमान चार आठवडे आणि पित्ताची गोळी थांबवून दोन आठवडे झाल्यावर. रक्तातली अँटिबॉडी जंतू गेल्यावरही बराच काळ दिसत राहते, तिच्यावरून ठरवू नका. गुडघ्या-कमरेची गोळी मेडिकलमधून रोज आणून खाणारं कुणी घरात असेल तर रक्तगटाआधी त्यांची पुडी बघा. आणि डांबरासारखी काळी शी, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना उतरलेलं वजन, यातलं काही असेल तर माझ्याकडे येऊ नका, थेट दवाखान्यात जा.

शेवटच्या बैठकीला तिघं आली, गुरुजी, मावशी आणि पोरगी. श्वासाची तपासणी स्वच्छ आली होती. पोरगी आजीच्या मांडीवर बसून माझ्या फळ्यावर काढायच्या चित्राचा हट्ट धरत होती. निघताना मावशी दारात थांबल्या.

“बाई, माझा कोणता गट असंल? कधी तपासलाच न्हाई.”

गुरुजींच्या आधी मलाच हसू आलं. म्हटलं, नवरा बी, पोरगा ओ, म्हणजे ओचा एक अंश तुमच्याकडूनही आलाय. तुम्ही ओ असाल, ए असाल, बी असाल. एबी तेवढ्या नक्की नाही.

मावशींनी क्षणभर विचार केला. “मग ऱ्हाऊ द्या,” म्हणाल्या, आणि पोरीची चप्पल शोधायला लागल्या.