रंगवायची राहिलेली चार वचने

श्रद्धाळू माणसे समुपदेशनाला येतात तेव्हा दुःखापेक्षा, दुःख होते याची लाजच अधिक घेऊन येतात, असा माझा धुळ्यातील अनुभव आहे. "एवढी प्रार्थना करूनही मन सावरत नाही, म्हणजे माझा विश्वासच कमी पडतो का?" हा प्रश्न ख्रिस्ती कुटुंबांतून मला वारंवार विचारला जातो. माळकरी घरांतूनही तो येतो, फक्त शब्द निराळे असतात. येथे त्याचे उत्तर एका ताईंच्या हकिकतीतून देत आहे. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई साक्री तालुक्यातल्या, वय 47. त्यांचा 22 वर्षांचा मुलगा सुरत–नागपूर महामार्गावर मोटारसायकलच्या अपघातात गेला, त्याला तेव्हा आठ महिने झाले होते. दफनविधीच्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी आले नाही आणि चर्चच्या मंडळीतील बायकांनी "केवढा पक्का विश्वास" म्हणून त्यांचे कौतुक केले. त्या कौतुकानेच त्यांना बांधून टाकले. पुढे त्यांनी रविवारच्या उपासनेत उभे राहून साक्षही दिली, म्हणजे देवाने कसे सावरले ते सर्वांसमोर सांगितले. घरी मात्र रोज पहाटे तीनला जाग येई आणि भाकरीचा पहिला घास तोंडात नुसता फिरत राही. डॉक्टरांनी नैराश्यावर गोळ्या दिल्या होत्या, पण दहाच्या पाकिटातील दोनच संपल्या होत्या, कारण "भरवसा गोळीवर की प्रभूवर?" असे नात्यातल्या कोणीतरी विचारले होते. हे सारे त्यांनी नेमक्या, शाळेत शिकवल्यासारख्या मराठीत सांगितले. मग आवाज खाली गेला आणि त्या अहिराणीत म्हणाल्या, "मना विश्वास कमी पडस का, ताई?"

त्या प्रश्नाआधी मला दुसरा एक प्रश्न विचारणे भाग होते. जगणे नकोसे होते का, जिवाचे काही करून घ्यावे असे मनात येते का, हे मी सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. "त्याच्याकडे जावेसे वाटते," त्या म्हणाल्या, पण तसे काही ठरवलेले नव्हते. धाकटी मुलगी बारावीला होती. तरीही त्यांच्या परवानगीने यजमानांना आत बोलावून सर्व समजावले, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवण्यास सांगितले आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट त्याच आठवड्यात ठरवली.

मी स्वतः ख्रिस्ती नाही, त्यामुळे धर्मशास्त्र सांगणे माझ्या अधिकारातले नव्हे. मात्र ताईंच्या पिशवीत बायबल होते आणि बाराव्या-तेराव्या स्तोत्रापाशी साक्री–धुळे एसटीचे तिकीट खुणेला घातलेले होते. मी ते पान उघडायला सांगितले. तेराव्या स्तोत्रात सहा वचने आहेत. शेवटची दोन, देवाच्या दयेवर भरवसा ठेवल्याची आणि गीत गाण्याची, पिवळ्या पेनने रंगवलेली होती. वरची चार कोरी. त्यांना ती कोरी चार मोठ्याने वाचायला सांगितली. कोठवर, हे परमेश्वरा, मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार, असे त्या स्तोत्रात चार वेळा देवालाच विचारलेले आहे. तिसऱ्या "कोठवर"ला त्या थांबल्या, पदर तोंडाशी नेला आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर रडल्या. त्या दिवशी आणखी काही बोलण्याची गरज नव्हती.

माझे मत असे की, त्यांचा विश्वास कमी नव्हता, तो अर्धाच वापरला जात होता. बायबलमधील 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत, असे अभ्यासक मानतात. 88वे तर अंधारातच संपते. तक्रार देवाकडेच नेणे हा त्या परंपरेत भक्तीचाच भाग आहे. धर्म आणि संकट यांचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी श्रद्धाळू माणसांच्या तीन तऱ्हा सांगितल्या: सगळे देवावर टाकणारे, सगळे स्वतःच्या अंगावर घेणारे आणि देवाला सोबत घेऊन हातपाय हलवणारे. संकट म्हणजे देवाची शिक्षा किंवा त्याने सोडून दिल्याची खूण, असे मानणाऱ्यांना मानसिक त्रास अधिक होतो, हेही अशा अभ्यासांतून दिसले आहे. ताईंच्या मनात ही शिक्षेची भीती होतीच; मुलाला गाडी घेऊन देण्याचा हट्ट त्यांचाच होता.

गोळ्यांचा पेच मी सोडवू शकले नसते. त्यासाठी ताईंच्या संमतीने त्यांच्या चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, बोलावले. उपदेश होईल या धास्तीने मी थोडी सावध होते, आणि ती धास्ती खोटी ठरली याचा आनंद आहे. त्यांनी बायबलमधील एलीया संदेष्ट्याची गोष्ट काढली. थकून, झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले, तेव्हा देवदूताने त्याला बोधवचन ऐकवले नाही. त्याला झोपू दिले, भाकर आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खायला घातले. "ताई, मी स्वतः रोज सकाळी मधुमेहावरची गोळी घेऊन उपासनेला उभा राहतो," असे सांगून त्यांनी खिशातली डबीच टेबलावर ठेवली. नैराश्यावरील औषधाचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात आणि बरे वाटू लागले तरी ते आपल्या मनाने थांबवायचे नसते, एवढे मी त्यात जोडले.

पुढच्या पाच महिन्यांत दहा भेटी झाल्या. झोप आधी सुधारली, जेवण नंतर. रविवारी गीत म्हणवत नसेल तर मागच्या बाकावर नुसते बसायचे, असे त्यांनी ठरवले, आणि साक्ष देण्याचा आग्रह होऊ नये हे पाळकांनी मंडळीला सांभाळून सांगितले. शेवटच्या भेटीत त्यांनी तेच पान उघडून दाखवले. वरच्या चार वचनांखाली निळ्या शाईच्या रेघा होत्या, हात कापल्यासारख्या, वाकड्यातिकड्या. निघताना दारात थांबून त्यांनी सांगितले की, मुलाच्या मोबाईलचे रिचार्ज त्या अजून दर महिन्याला करतात, आणि हे यजमानांनाही ठाऊक नाही. मी त्यांना परत आत बोलावून बसवले.