गोठा मुलाच्या हाती सोपवण्यापूर्वी

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. नाव आणि गाव छापू नये ही आपली विनंती मान्य करून, वाचकांसाठी पत्राचा आशय थोडक्यात देतो. पन्हाळा तालुक्यात आपली तीन एकर ऊसशेती असून दावणीला चार मुऱ्हा आणि दोन पंढरपुरी अशा सहा म्हशी आहेत. गावच्या दूध संस्थेकडून दर दहा दिवसांनी मिळणाऱ्या बिलावर घरखर्च चालतो. मुलगा अकरावी विज्ञान शाखेत शिकतो, पहाटे शेण काढून एस.टी.ने कोल्हापूरला कॉलेजला जातो आणि बारावीनंतर गोठ्यात पाऊल ठेवणार नाही, असे स्पष्ट सांगतो. मुलगी नववीत असून आईबरोबर धार काढते. मुलाला पशुवैद्यकीय पदवीला घातले, तर तो जनावरांशी आणि गावाशी बांधलेला राहील का, असे आपण विचारले आहे.

राहील, असे मला वाटत नाही. पशुवैद्यकीय पदवीचा अभ्यासक्रम आंतरवासितेसह (इंटर्नशिपसह) साडेपाच वर्षांचा आहे, त्याचा प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर होतो आणि आपल्याला सर्वांत जवळचे शासकीय महाविद्यालय सातारा जिल्ह्यातील शिरवळ येथे आहे. महाराष्ट्रात अशी महाविद्यालये मोजकीच असल्यामुळे प्रवेशाची स्पर्धा तीव्र असते. प्रवेश मिळून तो डॉक्टर झाला, तरी रात्री दोन वाजता शेजारच्या गावात अडलेल्या म्हशीसाठी त्यालाच उठावे लागेल आणि त्या वेळी आपल्या गोठ्यात दुसरेच कोणी असेल. आजारी जनावर बरे करण्याची आवड असलेल्याने या वाटेने अवश्य जावे, परंतु वडिलांचा गोठा चालू राहावा एवढ्यासाठी ही पदवी घेणे मुलावर आणि ज्याची जागा त्यामुळे जाईल त्या विद्यार्थ्यावरही अन्याय करणारे ठरेल.

दुग्धतंत्रज्ञानाच्या पदवीविषयीही बऱ्याच पालकांचा असाच समज असतो. तो चार वर्षांचा अभियांत्रिकी स्वरूपाचा अभ्यासक्रम असून त्यात दूध संकलन केंद्रात पोहोचल्यानंतरचे शास्त्र शिकवतात. म्हशीशी त्याचा संबंध फार थोडा येतो. गावात राहून शेती आणि जनावरे दोन्ही सांभाळण्याचा विचार असेल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाशी संलग्न असलेल्या कोल्हापुरातील कृषी महाविद्यालयाची चार वर्षांची पदवी मला अधिक उपयोगाची वाटते, कारण त्यात पशुसंवर्धनाचा भाग आहे आणि शिकत असताना मुलगा घरापासून तुटत नाही. पशुसंवर्धनाच्या पदविकेचाही मार्ग आहे. मात्र पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली ठरावीक सेवाच देता येतात, हे १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यातील बंधन आधीच समजून घ्यावे.

आता पत्रातील ज्या भागाविषयी आपण काही विचारलेले नाही, त्याकडे वळतो. मुलाच्या वाट्याला गोठ्यातील नेमके काय आले आहे, हे पत्र वाचताना मी शोधत होतो. त्याच्याकडे शेण काढणे, वैरण आणणे आणि पाणी दाखवणे ही कामे आहेत. परंतु म्हैस कोणती घ्यायची, भाकड कधी विकायची, पेंड कोणती आणायची आणि बिलाचे पैसे कशाला लावायचे, हे सर्व आपण ठरवता. ज्या धंद्यातले केवळ कष्ट मुलाने पाहिले आणि निर्णय एकही घेतला नाही, तो धंदा त्याला आपला वाटावा ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. त्याच्या नकारामागे आळस असेलच असे नाही. त्याने कदाचित मनातल्या मनात आपल्यापेक्षा नेमका हिशेब मांडला असेल.

तो हिशेब कागदावर यावा, अशी माझी सूचना आहे. एक वही मुलाच्या हाती द्यावी आणि तिच्यात प्रत्येक म्हशीला स्वतंत्र पान असावे. व्यायल्याची तारीख, माजाच्या (म्हैस फळण्यास तयार असल्याच्या) तारखा, कृत्रिम किंवा नैसर्गिक रेतन, गाभण तपासणी आणि आटवल्याची, म्हणजे पुढच्या वेताआधी दूध काढणे थांबवल्याची, तारीख त्यात नोंदवावी. संस्थेच्या पावतीवरील लिटर, फॅट आणि एस.एन.एफ. (फॅट सोडून दुधातील इतर घन घटक) हे आकडे सर्व म्हशींच्या एकत्र दुधाचे असतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस प्रत्येकीचे दूध वेगळे मोजून लिहावे. म्हैस सुमारे ३१० दिवस गाभण राहते. व्यायल्यानंतर तीन-चार महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली, तर दोन वेतांतील अंतर तेरा-चौदा महिन्यांवर येते. म्हशीचा माज पुष्कळदा मुका असतो, म्हणजे त्याची लक्षणे बाहेरून दिसत नाहीत. तो एकदा हुकला की सुमारे २१ दिवस थांबावे लागते आणि त्या दिवसांची वैरण-पेंड फुकट जाते. असे दोन-तीन माज हुकलेली म्हैस दुधाला चांगली असूनही तोट्यात कशी जाते, हे मुलाला त्या पानावर दिसेल. गणित-विज्ञान शिकणाऱ्या मुलाला त्यात गोडी वाटण्याची शक्यता पहाटेच्या शेणापेक्षा निश्चितच जास्त आहे.

याच वहीत एक रकाना घरच्या मजुरीचा ठेवावा आणि आपल्या पत्नीचे, मुलांचे व आपले तास गावातील मजुरीच्या दराने त्यात मांडावेत. हा रकाना सहसा कोणी भरत नाही. तो भरल्यावर काहीच उरत नसेल, तर मुलाला गोठ्याकडे वळवण्याआधी गोठाच बदलावा लागेल. उदाहरणार्थ, गळीत हंगामात आपल्याकडे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) स्वस्तात मिळतात म्हणून म्हशींना नुसत्या वाढ्यांवर ठेवण्याची सवय आहे. वाढ्यांतील ऑक्झॅलेट या घटकामुळे जनावराला कॅल्शियम कमी पडते आणि त्याचा परिणाम पुढे दुधावर व गाभण राहण्यावर होतो. क्षार मिश्रण, थोडे संकरित नेपियर गवत आणि मक्याचा मूरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) यांची जोड द्यावी. कष्ट कमी व्हावेत म्हणून मुक्त संचार गोठ्याची (जनावरे न बांधता मोकळी सोडण्याच्या गोठ्याची) शिफारस सर्वत्र केली जाते, पण पन्हाळ्याच्या पावसात उघड्या अंगणाचा चिखल होतो, म्हणून छताखालची जागा मोठी धरूनच खर्चाचा अंदाज काढावा.

आपल्या वडिलांविषयी पत्रात एकच ओळ आहे. वडगावच्या बाजारात ते दात पाहून म्हशीचे वय आणि कास पाहून दूध सांगत, असे आपण लिहिले आहे. हे ज्ञान कोणत्याही महाविद्यालयात इतक्या बारकाईने मिळत नाही. त्यांची प्रकृती साथ देते तोवर पुढच्या खरेदीला नातवाला त्यांच्याबरोबर पाठवावे, दोन म्हशींपैकी एकीची निवड त्याच्यावर सोपवावी आणि ती चुकली तरी घरात त्यावरून बोलणी बसू नयेत. त्या म्हशीच्या दुधाचे पैसे, खर्च वजा जाता, त्याच्या स्वतःच्या खात्यात जावेत. निर्णय देऊन पैसा आपल्याकडे ठेवला, तर त्याला ते नाटक वाटेल.

मुलीविषयी मला जरा स्पष्ट लिहावे लागत आहे. ती धार काढते, कोणती म्हैस तिच्या हाताला पान्हा सोडते हेही आपण कौतुकाने लिहिले आहे, आणि पुढे ‘पण ती काय, परक्याचे धन’ म्हणून विषय मिटवला आहे. जनावरांची आवड असलेले अपत्य घरात असताना ती आवड नसलेल्या अपत्याला त्या वाटेवर आणण्यासाठी आपण सल्ला विचारत आहात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्येच कायद्याने मान्य केला आहे. पशुवैद्यकीय पदवीचा प्रश्न खरे तर तिच्या संदर्भात विचारायला हवा होता. दहावीनंतर तिला विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र घेता येईल, आणि तिची इच्छा असेल तर नीटच्या तयारीला पुरेसा वेळही तिच्याकडे आहे. गोठ्याच्या वहीतील निम्मी पाने तिला द्यावीत, आणि संस्थेचे सभासदत्व आपल्या पत्नीच्या नावे करता येईल का, याचीही चौकशी सचिवांकडे करावी.

मुलाने अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतले असतील, तर ते बारावीपर्यंत सोडू नयेत. त्यामुळे पशुवैद्यकीय, कृषी आणि दुग्धतंत्रज्ञान या तिन्ही पदव्यांचा विचार करता येईल. कृषीच्या प्रवेशासाठी सी.ई.टी.चा अर्ज स्वतंत्रपणे भरावा लागतो आणि नीटवर विसंबून तो भरायचा राहिल्याची उदाहरणे दरवर्षी माझ्याकडे येतात. दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही मुलांना कणेरी किंवा तळसंदे येथील कृषी विज्ञान केंद्रात घेऊन जावे आणि मूरघास व वासरू संगोपनाच्या प्रशिक्षणाच्या तारखा विचारून घ्याव्यात. एवढे करूनही बारावीनंतर मुलाने दुसरे क्षेत्र निवडले, तर त्याला जाऊ द्यावे आणि म्हशींची संख्या आपल्याला व आपल्या पत्नीला झेपेल तेवढीच ठेवावी.

आपला,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर