नाकातला स्प्रे आणि मुलाची उंची

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा आहे. ऊसतोड सुरू झाली की सकाळी उठल्याउठल्या शिंका, नाक चोंदलेलं. डॉक्टरांनी मोमेटासोनचा स्प्रे दोन महिन्यांसाठी दिलाय. सासूबाई म्हणतात, स्टेरॉइडनं पोराची वाढ खुंटते. त्यात परवा नाकातून रक्त आलं. बंद करू का?
– एक आई, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : कायमचा बंद करू नका. रक्त थांबलं असेल तर एक-दोन दिवस खंड द्या आणि स्प्रे कसा मारता ते आधी तपासा. बहुतेक घरांत नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे रोखलेली असते. रोज तिथंच औषध बसलं की पडदा कोरडा पडतो आणि रक्त येतं. मुलाला नाक शिंकरायला लावा, मान किंचित खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या. नळीचं टोक त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे हवं. जोरात ओढायला सांगू नका. औषध घशात उतरतं आणि वाया जातं. बाटली आधी हलवायची, नवी असेल तर एकसारखा फवारा येईपर्यंत हवेत दाबायची. रक्त पुन्हा पुन्हा आलं तर डॉक्टरांना नाक दाखवा.

सासूबाईंची शंका अगदीच निराधार नाही. बेक्लोमेथासोन या दुसऱ्या स्टेरॉइडचा स्प्रे वर्षभर दिवसातून दोनदा दिलेल्या मुलांची उंची सुमारे एक सेंटीमीटर कमी वाढल्याचं आढळलं होतं. मोमेटासोनच्या वर्षभराच्या चाचणीत तसा फरक दिसला नाही, कारण ते रक्तात जेमतेमच उतरतं. २ ते ११ वर्षांच्या मुलांना प्रत्येक नाकपुडीत दिवसातून एकदाच एक फवारा, म्हणजे एकूण १०० मायक्रोग्रॅम. त्यापेक्षा जास्त मारू नका. दम्याचा पंप किंवा स्टेरॉइडचं मलमही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, कारण सगळ्यांची बेरीज होते. दर सहा महिन्यांनी उंची मोजून लिहून ठेवा.

पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. शिंका आल्या की मारला, थांबल्या की सोडला, असं केलंत तर उपयोग नाही. पाचट पेटवल्याच्या धुरावर मात्र हा उतारा नव्हे. तेव्हा खिडक्याच बंद ठेवा.

खरी काळजी करायची ती नाक चटकन मोकळं करणाऱ्या झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिनच्या थेंबांची. पाच दिवसांवर गेले की तेच नाक चोंदवतात. मग थेंबांशिवाय पोराला झोप येत नाही. आणि एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर ॲलर्जी समजू नका. आत मणी किंवा चिंचोका असू शकतो. घरी चिमटा घालू नका, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.