गुलाबी रंगाचा अभ्यास कुठून सुरू करायचा?

सगळा इतिहास एकदम वाचायला घेऊ नकोस. आधी एकच चित्र धर, व्हॅन गॉगचं १८९० चं ‘गुलाब’. आज ती फुलं जवळजवळ पांढरी दिसतात. रंगवली तेव्हा गुलाबी होती. त्यातला तांबडा उजेडाने उडाला. नवखे इथेच चुकतात, दिसतो तोच मूळ रंग धरून चालतात.

दुसरी चूक म्हणजे गुलाबीला बायकांचा रंग समजणं. अठराव्या शतकात युरोपातले पुरुषही गुलाबी कोट घालत.

मोबाइलवर रंग पारखू नकोस. पुण्यातल्या बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात खऱ्या कॅनव्हाससमोर उभी राहा. घरी अलिझरिन क्रिमसनचा, म्हणजे उजेडाने उडणाऱ्या एका गडद तांबड्या रंगाचा, अगदी पातळ हात कागदावर दे, अर्धा भाग पुठ्ठ्याने झाक आणि पुण्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात खिडकीत ठेव. पुठ्ठा काढलास की उघडा भाग किती उडाला ते कळेल. रसायनशास्त्र नंतर बघू.